तीनदा म्हटलेलं गाणं

ऑब्री थ्रॉसेल मास्तरांचं साऱ्या मानवजातीवर प्रेम होतं. माणसं मात्र त्यांना फारशी भेटत नसत. ज्या गावात ते शाळेत गाणं शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, तिथे एका खोगीरवाल्याच्या दुकानावर त्यांची भाड्याची खोली होती. खालून येणारा कातड्याचा वास हाच काय तो संध्याकाळचा सोबती. वय बावन्न. लग्न एकदा होता होता राहिलं, त्यालाही वीस वर्षं होऊन गेली. रविवारी घरमालकीण मटणाचा थंड तुकडा झाकून ठेवून बहिणीकडे जायची. मास्तर तो खिडकीशी बसून खायचे, पुढ्यात वही उघडी ठेवून, म्हणजे रस्त्यावरून कुणी वर पाहिलंच तर वाटावं की माणूस कामात आहे.

काम होतंच म्हणा. सुट्टीच्या दिवशी सायकल दामटत इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या टेकड्याटेकड्यांतून हिंडायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठायचं, त्यांची जुनी गाणी लिहून घ्यायची, आणि मग त्या सुरांवर चार आवाजांचा साज चढवून ती गायकवृंदाकडून म्हणवून घ्यायची, हा त्यांचा बारा वर्षांचा उद्योग. तीनशेच्या वर गाणी झाली होती. इतर लोकही हे करत, पण कुणी देशाभिमानापोटी, कुणी नावासाठी. मास्तरांचं तसं नव्हतं. त्यांची श्रद्धा होती की ही गाणी कुणी रचलेलीच नाहीत, ती सगळ्यांच्या आत एकच वाहणारं काहीतरी आहे, आणि अनोळखी माणसांनी ती एका दमात म्हटली की मी आणि तू हा भेद तेवढ्यापुरता विरून जातो. पूर्वेकडच्या कुठल्याशा ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर त्यांच्या उशाशी असे. त्यातला घड्याचा दाखला ते गायकवृंदाला नेहमी द्यायचे, की घड्यातलं आकाश आणि घड्याबाहेरचं आकाश एकच.

"आकाश एकच असेल हो मास्तर," खर्जातल्या रांगेतून कफ नावाचा खाटीक एकदा म्हणाला होता, "पण घडा घासायचा कुणी?"

सगळे हसले. मास्तरही हसले, जरा उशिरा. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

एक गोष्ट त्यांना खटकायची. आमच्या खोऱ्यातल्या पबमध्ये शनिवारी संध्याकाळी एकेकाची पाळी लागते, आणि जो तो आपलंच गाणं म्हणतो. दुसऱ्याचं गाणं त्याच्यादेखत कुणी म्हणत नाही, मग ते सगळ्यांना तोंडपाठ का असेना. एखाद्यानं म्हटलंच तर वर्षभर त्याच्याशी कुणी धड बोलत नाही. मास्तरांना हा पोरकटपणा वाटे. गाण्याला कुंपण घालायचं? वाऱ्याला घालाल का?

म्हणून त्यांना जेथ्रो स्टिकलंड भेटला तेव्हा देव भेटल्यासारखं झालं.

जेथ्रो एकाहत्तर वर्षांचा. नेदर कूम्ब गावाबाहेरच्या हेझलच्या रानात एकटा बसून मेंढ्यांच्या कुंपणासाठी ताट्या विणायचा. लढाई संपून तीन वर्षं झाली होती. नोव्हेंबर होता, पानं गळून रान उघडं पडलं होतं. 'नांगर' पबची मालकीण तबिथा हॅन हिनं मास्तरांना सांगितलं होतं की म्हाताऱ्याकडे एक गाणं आहे, खोऱ्यात तसं दुसरं नाही. परगावाहून परतणाऱ्या माणसाचं ते गाणं. तो वाटेत नदीला विचारतो, गिरणीला विचारतो, पायवाटेला विचारतो, माझं घर अजून आहे का? कुणीच धड सांगत नाही, आणि शेवटच्या कडव्यात तो फाटकाशी येऊन उभा राहतो. आत जातो की नाही, ते गाणं सांगत नाही.

जेथ्रोनं हेझलच्या फोका चिरता चिरता एकदा ते गुणगुणलं आणि मास्तरांच्या अंगावर काटा आला.

"जेथ्रो, हे मला द्याल का?" त्यांनी वही काढली. "हळू म्हणायला लागेल. तीनदा."

जेथ्रोचा कोयता थांबला. "तीनदा?"

"तीनदा झालं तर बरं."

"माझ्याकडून, तुम्हाला?"

"मलाच. इथे दुसरं आहे कोण?" मास्तर हसले.

जेथ्रोनं कोयता ठोकळ्यात रुतवून ठेवला. मास्तरांना वाटलं, म्हातारा नाही म्हणणार. मग तो म्हणाला, "बसा. उभ्यानं नका ऐकू."

पहिल्यांदा त्यानं बसून म्हटलं. दुसऱ्यांदा टोपी काढली. तिसऱ्यांदा उठून उभा राहिला आणि त्यानं मास्तरांचा हात हातात घेतला, तोही नेमका उजवा, पेन्सिलीचा. मास्तर मनातून वैतागले. चौथ्या कडव्यातला एक उतरता सूर कागदावर धरायचा राहिला होता आणि हा माणूस हात सोडायला तयार नाही. गाणं संपलं तरी तो हात धरून उभाच. त्याच्या तळव्याला घट्टे होते, आणि तळवा ऊबदार होता. मास्तरांचा हात इतका वेळ कुणी धरला त्याला किती वर्षं झाली होती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. हात सुटल्याबरोबर त्यांनी घाईघाईनं तो सूर लिहिला.

"शनिवारी पबमध्ये म्हणाल ना? मी येईन ऐकायला," ते निघताना म्हणाले.

"मी? मी आता नाही म्हणायचो," जेथ्रो म्हणाला. "ते आता माझं नाही. दिलं ते दिलं."

मास्तर सहा मैल सायकल हातात धरून चालत गेले, कारण बसून पॅडल मारण्याइतकंही भान नव्हतं. न शिकलेला, ताट्या विणणारा माणूस, आणि त्याला हे कळलं! साऱ्या खोऱ्यानं गाण्यांना कुंपणं घातली, आणि कुंपणं विणणाऱ्यानंच आपलं काढून टाकलं! त्या रात्री त्यांनी वहीत लिहिलं, 'जेथ्रो स्टिकलंड म्हणतो, हे गाणं माझं नाही.' त्याखाली दोन रेघा ओढल्या.

शनिवारी ते पबमध्ये गेले नाहीत. कशाला जायचं? गाणं तर मिळालं होतं.

अख्खा हिवाळा त्यांनी त्या गाण्यावर घालवला. पहिलं कडवं एकट्या आवाजाचं, साथ नाही. दुसऱ्यात खर्ज हळूच खालून येतो, दाराशी कुणी येऊन उभं राहावं तसा. मग स्त्रियांचे आवाज, मग सगळे. पाच गावांचे गायकवृंद, एकशे ऐंशी माणसं, शेवटचं कडवं पूर्ण ताकदीनं. शब्दांत त्यांनी एकच बदल केला. जेथ्रो म्हणायचा, 'स्टिकलंडच्या फाटकाची कडी माझा हात ओळखेल का'. एकशे ऐंशी माणसांनी स्टिकलंडच्या फाटकाशी का उभं राहायचं? मास्तरांनी 'घरच्या फाटकाची' असं केलं. आता ते जगातल्या कुठल्याही माणसाचं झालं. कागदावर तो शब्द खोडताना त्यांना खरोखर आनंद झाला होता.

एप्रिलमध्ये ते जेथ्रोला भेटायला गेले. ईस्टरनंतरच्या व्हिटसन सणाच्या सुट्टीत मोठ्या चर्चमध्ये कार्यक्रम ठरला होता, आणि मास्तरांच्या मनात एक होतं: पहिलं एकट्याचं कडवं जेथ्रोनं म्हणावं, आणि त्याच्या आवाजात सगळे मिसळत जावेत.

"मी?" जेथ्रो म्हणाला. "मी कसा म्हणेन? तुम्ही म्हणा की."

"माझा आवाज कावळ्याचा आहे, जेथ्रो. मी म्हटलं तर लोक पैसे परत मागतील."

"माझ्या बापाचाही आवाज फाटकाच होता. त्याला काय झालं? ज्याचं गाणं त्याचा आवाज."

मास्तरांना ते फार गोड वाटलं. त्यांनी म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली. जेथ्रोनं विचारलं, "पण गाणं होणार ना? चर्चमध्ये? सगळ्यांसमोर?"

"होणार म्हणजे! तुम्ही या मात्र. पुढची जागा ठेवतो."

"येईन," जेथ्रो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की मास्तर दिवसभर खुशीत राहिले.

व्हिटसनच्या सोमवारी जेथ्रो आला. इस्त्रीचा कोट, बूट तुपानं चोपडल्यासारखे चकचकीत, खिशाला हॉथॉर्नची फुलं. पुढच्या बाकावर बसला आणि आजूबाजूच्या दोघांना त्यानं सांगितलं म्हणे, "मास्तर आता माझं म्हणणार आहेत." पहिलं कडवं कापडदुकानातल्या पर्सी नावाच्या तरुणानं म्हटलं. आवाज सुरेख, अगदी काचेसारखा. मास्तर जेथ्रोकडे पाठ करून तालाची काठी हलवत होते. मग खर्ज आला, मग बायका, आणि मग एकशे ऐंशी गळ्यांनी ते चर्च असं भरलं की मागच्या बाकावरच्या थोराड शेतकऱ्यांनी नाकं शिंकरली. मास्तर तेवढी मिनिटं एकटे नव्हते. त्यांना स्वतःचा हात कुठे संपतो आणि सूर कुठे सुरू होतो ते समजत नव्हतं. बावन्न वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, असं त्यांना वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

वळून पाहिलं तर पुढच्या बाकावर जेथ्रो नव्हता.

लोकांनी हात हातात घेतले, पाद्रीसाहेबांनी दोनदा घेतला. संध्याकाळी पाच गावांच्या गाड्या पाच वाटांनी निघाल्या आणि प्रत्येक गाडीतून तेच गाणं ऐकू येत होतं, पाठ झालेलं, आवडलेलं. मास्तर चर्चच्या पायरीवर उभे राहून शेवटची गाडी वळेपर्यंत ऐकत राहिले. मग खोलीवर गेले. सुट्टी म्हणून घरमालकीण बहिणीकडे गेली होती.

पाच दिवस त्यांनी कळ काढली. जेथ्रोला कसं वाटलं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. बाकी साऱ्यांची वाहवा एका पारड्यात आणि म्हाताऱ्याचा एक शब्द दुसऱ्यात. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी सायकल काढली आणि उन्हं कलायच्या आत ते 'नांगर'पाशी पोचले. तबिथा हॅन मागच्या अंगणात पिंपाच्या तोट्या धूत होती. मास्तरांना पाहून ती उठली नाही.

"आलात?" ती म्हणाली. "सहा महिने उशीर झाला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! प्रत्येक शनिवारी तो म्हातारा आपल्या शेजारी जागा अडवून बसायचा. कुणी बसायला आलं की म्हणायचा, मास्तरांची आहे. पाळी आली की म्हणायचा, मी नाही, दिलंय, मास्तर येतील. अख्खा हिवाळा. लोक चेष्टा करायला लागले हो शेवटी."

"काय दिलंय?" मास्तरांनी विचारलं.

तबिथानं तोटी बादलीत टाकली. "तीनशे गाणी लिहिलीत ना तुम्ही? आणि एवढं ठाऊक नाही? अहो, गाणं असं देतात. पबच्या बाहेर, एकट्याला, तीनदा म्हणून. तिसऱ्यांदा हात धरून. देणारा मग ते कधी म्हणत नाही. घेणाऱ्यानं येत्या शनिवारी चारचौघांत म्हणायचं, एकट्यानं, शेवटच्या कडव्यात आपल्या घरचं फाटक घालून. आणि देणारा गेला की त्याच्या मातीवर म्हणायचं. जेथ्रोला बापानं दिलं. जेथ्रो रूबेनला देणार होता."

"रूबेन?"

"मुलगा. एकच होता. लढाईला गेला तो फ्रान्सहून आला नाही. त्यानंतर जेथ्रो म्हणायचा की आता हे माझ्याबरोबरच जाऊ दे. मग तुम्ही आलात नि तोंडानं 'तीनदा' म्हणालात. तुम्हाला काय वाटलं, म्हाताऱ्यानं टोपी उकडतंय म्हणून काढली? नोव्हेंबरात?"

मास्तरांना बसायला काही सापडेना. ते पिंपाला धरून उभे राहिले. बाकी काही नाही, त्यांना तो हात आठवला, आणि आपण तो कधी सुटतो याची वाट पाहत होतो हे आठवलं.

"त्यानं मला सांगितलं का नाही?" त्यांनी विचारलं. "एप्रिलमध्ये मी समोर होतो त्याच्या!"

"दिलेल्याची विचारपूस करत नाहीत आमच्यात. घेणाऱ्याला कळायला हवं." मग तिला त्यांची दया आली असावी. "आज बसलाय आत. जागा मात्र अडवलेली नाही. तुम्ही असं करा मास्तर, म्हणा. एकदा म्हणा, एकट्यानं, त्याच्यासमोर. आवाजाचं सोडा. चर्चमधलं तो गिळेल, मोठ्या लोकांचे मोठे नाद म्हणून. पण इथे म्हटलंत तर तुम्ही त्याचे झालात."

त्याचे झालात. हे दोन शब्द मास्तरांना आयुष्यात कुणी म्हटले नव्हते. ते अंगणात दोन फेऱ्या मारून आले. फाटक कुठलं घालायचं? खोगीरवाल्याच्या दुकानाला फाटक नव्हतं, मागच्या बाजूनं तपकिरी रंगाचा जिना होता. मुलगा असता तर त्यानं काय म्हटलं असतं? बापाच्या घराचंच फाटक म्हटलं असतं. त्यांनी ठरवलं: 'स्टिकलंडच्या'. जो शब्द खोडला होता तोच. म्हाताऱ्याला तेवढ्यावरून सगळं कळेल, माफीचे चार शब्द वेगळे बोलायला नकोत.

आत तीस-चाळीस माणसं होती. जेथ्रो चुलीजवळच्या बाकावर टोकाला बसला होता. मास्तर शिरताच कफ खाटकानं बिअरचा मग उंचावला. "या मास्तर! आमच्या गावचे राजे!" टाळ्या पडल्या. जेथ्रोनं मान वर केली नाही.

"आज पाळी माझी," मास्तर म्हणाले.

हसू उसळलं, मग त्यांचा चेहरा बघून विरलं. मास्तरांनी टोपी काढली. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणू लागले.

आवाज खरंच वाईट होता. घोगरा, वरच्या सुराला चिरकणारा. पण त्यांनी तो जेथ्रोच्या पद्धतीनं लावला होता, नदीपाशी थांबत, तिला खरोखरच विचारत. जेथ्रोची मान वर आली. त्यानं मास्तरांकडे पाहिलं, आणि एप्रिलमध्ये उजळलं होतं तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा यायला लागलं, भीत भीत, खात्री नसल्यासारखं. त्यानं डावीकडे सरकून बाकावर थोडी जागा केली. मास्तरांना ते दिसलं. पहिलं कडवं संपलं.

आणि दुसऱ्याच्या पहिल्या शब्दाला, जिथे मास्तरांनी हिवाळ्यात रात्र रात्र जागून तो लिहिला होता नेमका तिथेच, कोपऱ्यातून खर्ज आला. कफ खाटीक. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं धरला होता. मास्तरांचा आवाज डगमगतोय, आपण आधार देऊ. त्याच्यामागून आणखी दोघं. मग स्वयंपाकघराच्या दारातून बायका, अचूक, एकही सूर इकडचा तिकडे नाही. अर्धा पब गायकवृंदात होता. सगळ्यांना ते गाणं आवडत होतं, आणि गाणं सुरू झालं की गप्प बसवत नव्हतं. दुसऱ्याचं गाणं म्हणू नये हे त्यातल्या प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं, पण हे गाणं दुसऱ्याचं आहे असं आता कुणाला वाटतच नव्हतं. ते मास्तरांनीच त्यांना शिकवलं होतं.

मास्तरांनी दोन्ही हात वर केले. थांबा, थांबा!

इतके दिवस तालमीत हात वर केले की आवाज वाढवायचा, हे त्यांनी घटवून घेतलं होतं. आवाज वाढला. त्यांनी आणखी वर केले, आणि छताच्या तुळया हालतील असा नाद उठला. डोळ्यांत पाणी आणून मास्तर हातवारे करत होते आणि ते पाणी बघून लोकांना आणखी चेव येत होता. शेवटी त्यांनी हात खाली टाकले आणि नुसते गात राहिले, कारण गाणं अर्धवट सोडणं त्यांना शक्य नव्हतं. शेवटच्या कडव्यात ते छाती फोडून ओरडले, "स्टिकलंडच्या फाटकाची!" वीसेक गळे म्हणाले, 'घरच्या फाटकाची'. मास्तरांना स्वतःचा शब्द स्वतःलाही ऐकू आला नाही.

गाणं संपलं. टेबलांवर बिअरचे मग आपटले गेले, कुणी शिट्टी मारली, कफनं मास्तरांच्या पाठीत प्रेमाचा रट्टा घातला. अख्ख्या खोलीत भेद म्हणून उरला नव्हता. मास्तर जेथ्रोकडे बघत होते.

जेथ्रोनं मिशा पुसल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. भल्या माणसानं पाहुण्याशी बोलावं तसा तो बोलला.

"छान म्हटलंत," तो म्हणाला. "सगळ्यांनीच."

मग त्यानं बाकावर आणखी जरा सरकून मास्तरांना बसायला जागा दिली, कुणालाही दिली असती तशी.